चौथं कडवं

आमच्या बँडमध्ये हात वर करायला बंदी होती.

म्हणजे मत देताना. कुठलं गाणं घ्यायचं, कुठल्या गावी वाजवायला जायचं, शेळी विकायची की ठेवायची, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून ठरायचं. होकार द्यायचा तर हात उंचावायचा नाही, तळहात टेबलावर ठेवायचा. ही अक्कल फोल्कर्टची. "उजवा हात वर करून आपल्या बापांनी काय दिवे लावले ते जगाने पाहिलंय," तो पहिल्याच बैठकीत म्हणाला होता. "या घरात कुणाचा हात खांद्याच्या वर जाणार नाही." चारही तळहात टेबलावर आले तर होकार. एकाचाही मांडीवर राहिला तर नकार, आणि त्याला कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की दबाव आला, दबाव आला की पुढारी आला, आणि पुढारी आला की काय होतं ते आमच्या पिढीला कुणी शिकवायला नको होतं.

हेनिंग ड्रम वाजवायचा. तो म्हणायचा, "म्हणूनच माझा ठोका उशिरा पडतो. मी तळहातांची वाट बघत बसतो."

बारभाई कारभार होता सगळा. पण सत्तर साली झोलिंगच्या जंगलाकडेला ते पडकं शेतघर आम्ही भाड्याने घेतलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, जगाने असंच चालावं. चौघं होतो. फोल्कर्ट गिटारवर. पाद्री व्हायला निघाला होता, देव अर्ध्या रस्त्यात सुटला, प्रवचन तेवढं राहिलं. त्याचा बाप न्यायाधीश. तेहतीस ते पंचेचाळीस, त्या हात उंचावण्याच्या बारा वर्षांत न्यायाधीश होता, नंतरही न्यायाधीशच राहिला, आणि दर रविवारी जेवणाआधी हात जोडायचा. हेनिंग खाटकाचा मुलगा, आमच्याकडे येऊन बिचारा मसुराची आमटी खात होता. मी इंके, किनाऱ्याकडची, बासरी वाजवायची आणि तोंड चालवायची. आणि आल्मुट.

आल्मुट गायची. ती गायला लागली की आम्ही तिघं फक्त सामान उचलणारे हमाल वाटायचो, आणि आम्हाला त्याचं वाईटही वाटायचं नाही.

बँडचं नाव विंटरलिंग. बर्फ असतानाच वर येणारं ते पिवळं फूल. बाकीची फुलं यायच्या आत ते जातंही, पण नाव ठेवताना एवढा पुढचा विचार कोण करतो? वर्तमानपत्रवाले आमच्या वाजवण्याला प्रोग्रेसिव्ह फोक रॉक म्हणायचे. म्हणजे आजीच्या काळचं लोकगीत घ्यायचं, त्याला इलेक्ट्रिक गिटार लावायची, आणि तीन मिनिटांच्या गाण्याची अर्ध्या तासाची यात्रा करायची.

त्यातली खरी गोम यात्रेत नव्हती, लोकगीतात होती. त्या दिवसांत आपल्याच भाषेतलं जुनं गाणं गायचं म्हणजे विटाळ. ती सगळी गाणी कूच करताना गाऊन झाली होती, शेकोट्यांभोवती गाऊन झाली होती, आणि त्यानंतर जे झालं ते झालं होतं. आमच्या वयाची पोरं इंग्रजीत गायची, तोंडात उकडलेला बटाटा धरल्यासारखी. आम्ही ठरवलं, गाणी परत आणायची. धुऊन, पुसून, तपासून. फोल्कर्ट ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात जाऊन बसायचा. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या संग्रहात गाणं सापडलं तरच ते आमच्या टेबलावर यायचं. त्या बारा वर्षांत छापलेल्या गाण्यांच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, अशी आमची शपथच होती. तेही चारही तळहातांनी ठरलेलं.

आल्मुटने एक दिवस बटाटे सोलता सोलता ते गाणं गायलं. सोलणं थांबवलंसुद्धा नाही.

नदी गोठली आहे, हंस उडून गेले आहेत, चुलीत शेवटचा विस्तव आहे. कोण नेईल विस्तव पार? घर मागे राहिलं, दार उघडंच राहिलं, पोर पदराखाली निजलं आहे. कोण नेईल विस्तव पार? वारा विचारतो, बर्फ विचारतं, आई ओंजळ धरून चालते आहे. कोण नेईल विस्तव पार? तीन कडवी. चाल इतकी साधी की आपल्याला ती आधीपासून येत होती असं वाटावं.

"हे कुठलं?" फोल्कर्टने विचारलं.

"आईचं," आल्मुट म्हणाली. "पळून येताना तिने बर्फावर म्हटलं होतं. मी कुशीत होते. माझं पहिलं गाणं आहे ते."

पंचेचाळीसचा जानेवारी. पूर्वेकडून रशियन येत होते, आणि तिची आई तान्ह्या मुलीला घेऊन गोठलेल्या खाडीवरून चालत निघाली होती. पुढची गाडी घोड्यांसकट बर्फाखाली गेली, मागच्या गाडीवर विमानातून गोळ्या पडल्या. आई गात राहिली, कारण मूल गप्प झालं की ते गोठतं अशी तिला भीती होती. आल्मुटच्या वडिलांचं काही उरलं नव्हतं, घराचं काही उरलं नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता. हे गाणं होतं.

फोल्कर्टने सगळे जुने संग्रह पालथे घातले. कुठेही सापडलं नाही. तो नाचतच घरी आला. "कळतंय का तुम्हाला? कुठल्याच छापील पुस्तकात नाही! म्हणजे अस्सल तोंडी परंपरा. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धातलं असणार. निर्वासितांचं गाणं!"

जी पुस्तकं उघडायची नाहीत अशी शपथ होती, ती अर्थातच त्याने उघडली नव्हती. ती पुस्तकं शोधायला ग्रंथालयात जायचीही गरज नव्हती, आमच्या प्रत्येकाच्या घरी माळ्यावर पडलेली होती. पण आम्ही सोवळ्यातले. चार तळहात धाडकन टेबलावर आले.

"विस्तव" आमच्या पहिल्या रेकॉर्डवर आलं आणि आमचं नशीब उघडलं. रेडिओवर लागायचं. शिक्षिका शाळेत शिकवायच्या, पाद्री शांततेच्या सभेत म्हणायला लावायचे. रेकॉर्डवर आम्ही कुणाचीच नावं छापली नव्हती, तरी लोकांना आल्मुट तेवढी ठाऊक झाली. कार्यक्रमाच्या शेवटी दिवे मालवायचे, पोरं मेणबत्त्या पेटवायची, हेनिंग मऊ दांड्यांनी संथ ठोका धरायचा आणि ती डोळे मिटून गायची. गाऊन झाल्यावर कुणी टाळ्या वाजवायचं नाही. एकदा ब्रेमेनमध्ये मी तिला विचारलं, डोळे मिटून काय बघतेस गं? "काही नाही," ती म्हणाली. "अंगावर गोधडी असल्यासारखं वाटतं."

पाच वर्षं गेली अशी. चांगली गेली. म्हणूनच सांगायला फारसं काही नाही.

मग तो कार्यक्रम आला. हाइडच्या माळरानातलं एक लहानसं गाव. युवक केंद्रातलं हीटिंग बिघडलं म्हणून आयोजकांनी आयत्या वेळी नेमबाज मंडळाचं सभागृह मिळवलं. भिंतीवर नेम धरायच्या रंगवलेल्या लाकडी चकत्या, चांदीच्या साखळ्या, दरवर्षी स्पर्धा जिंकून 'नेमबाज राजा' झालेल्यांचे फोटो. पुढे आमची लांब केसांची पोरं जमिनीवर बसलेली. मागच्या बाकांवर मंडळाची म्हातारी मंडळी बिअर घेऊन बसली होती. हॉल त्यांचा, मग पोरं काय करतात ते बघायला नको?

"आज तमाशा आहे," हेनिंग कुजबुजला. "काकालोक पहिल्या गाण्यालाच उठून जातात बघ."

काकालोक गेले नाहीत. बसून राहिले, खोकले, बिअर मागवली. शेवटी "विस्तव" सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला मागून एक आवाज आला. जाडा, पिकलेला. मग आणखी एक. कडवं संपेपर्यंत मागचे सगळे बाक गात होते.

फोल्कर्टने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऐकतेस ना?" तो गिटार वाजवता वाजवताच म्हणाला. "लोक, इंके! लोकांचं गाणं लोक गातायत!" याच क्षणासाठी त्याने पाच वर्षं ग्रंथालयाची धूळ खाल्ली होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. आल्मुटने डोळे उघडले होते. ती हसत होती. आपल्या आईचं गाणं इतक्या लोकांना येतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

तिसरं कडवं झालं. आल्मुट थांबली. ते थांबले नाहीत.

म्हातारे उठून उभे राहिले आणि त्यांनी चौथं कडवं म्हटलं. आम्ही नेऊ विस्तव पार. मशाली करून नेऊ, पूर्वेला नेऊ. तिथली काळी माती आमच्या नांगराची वाट बघते आहे, आणि तिथे जे राहतात त्यांचा धूर होऊ दे, वारा नेईल तो. आम्ही नेऊ विस्तव पार.

हेनिंगचे हात थांबलेच नाहीत. चौथं कडवं संपेपर्यंत तो ठोका देत होता. त्याने नंतर शंभरदा शपथ घेऊन सांगितलं की कळलंच नाही, हात आपोआप चालत होते. खरंच असेल. ठोका मुळात कूच करायचाच होता, आम्ही तो संथ केला होता एवढंच.

पुढची पोरं मान वळवून मागे बघत होती. काहींनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा मंचापाशी आला, आल्मुटचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागला. "पोरी, किती वर्षांनी गं! तेव्हा अठरा वर्षांचा होतो मी, शेकोटीपाशी गायचो. पण शेवटचं का गाळलंस? तेच तर खरं."

आल्मुट हात सोडवून घेईना. तो सोडेपर्यंत तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीतून तिच्या आईकडे नेलं. आई निर्वासितांच्या वसाहतीत राहायची, दोन खोल्या, खिडकीत जिरॅनियम. बीटाचं सूप शिजत होतं. म्हातारी काटक होती आणि मला कधीच तिच्यासमोर पाय पसरून बसवलं नाही.

"आई, विस्तवला चौथं कडवं आहे?" आल्मुटने कोट न काढताच विचारलं.

"आहे की."

"तू मला कधी म्हटलं नाहीस."

"बर्फावर चौथं कडवं म्हणायला दम कुणाला होता?" आई म्हणाली. "तिसऱ्यालाच धाप लागायची. मग पुन्हा पहिल्यापासून."

"तुला माहीत होतं त्यात काय आहे ते?"

"माहीत होतं का? अगं, मी शिकवायची ते. चाळीस पोरी होत्या माझ्या हाताखाली. पक्षाच्या मुलींच्या दलात, गणवेशात. शनिवारी संध्याकाळी जमायच्या." ती सूप ढवळत होती. "सुरेल गायच्या हो. त्यातल्या निम्म्या त्या बर्फातच राहिल्या."

"आणि मी ते रेडिओवर गायले! सगळ्या देशाने म्हटलं! तू ऐकलंस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं? तू छान गात होतीस. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला कळलं असेल. चौथं गाळलं म्हणजे ठाऊक असणारच." मग तिने पळी खाली ठेवली. "आल्मुट, मला दुसरं गाणं येत नव्हतं गं. तुला जिवंत ठेवायचं होतं. जे येत होतं ते म्हटलं."

आईने तीन ताटल्या मांडल्या. आम्ही सूप प्यालो. काय करणार होतो?

घरी बैठक बसली. आल्मुटने आमच्या कुणाकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघून बोलली. "तीन कडवी. मी जन्मभर तीनच गायलेय. लोकांना आधी सांगू, हे गाणं कुठून आलं, कोण गायचं, चौथ्यात काय होतं. सगळं सांगू. आणि मग मी तीन गाईन. ते त्यांच्या हवाली करून मोकळं व्हायचं नाही मला. ते माझं आहे."

तिने तळहात टेबलावर ठेवला. हेनिंगने ठेवला. मी ठेवला.

फोल्कर्टचे हात मांडीवर होते.

"अरे, सांगून गाणारे ना ती!" मी म्हणाले.

तो पांढराफटक पडला होता. "माझे वडील दाढी करताना गुणगुणायचे," तो म्हणाला. "मला काल रात्री आठवलं. हीच चाल. मला आजवर वाटत होतं ती मी आल्मुटकडून ऐकली."

"कारण विचारायचं नाही, आणि द्यायचंही नाही," हेनिंग म्हणाला. "नियम तुझाच आहे, महाराज." तो उठला आणि त्याने मागे दार इतक्या जोराने लावलं की फळीवरचा कप पडला.

गाणं बंद झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत. कुठल्याही गावी गेलो तरी शेवटी पोरं ओरडायची, "विस्तव! विस्तव!" फोल्कर्ट माइकपाशी जाऊन पाऊण तास समजावून सांगायचा की हे गाणं आम्ही का गात नाही. प्रवचन ऐकायला कोण तिकीट काढतं? एका गावी त्याच्यावर बाटली आली. आल्मुट मागे उभी राहायची, हात बाजूला सोडून. त्यानंतरच्या रेकॉर्डवर तिला शब्दच नको झाले. रेकॉर्डची एक पूर्ण बाजू ती नुसती आ-ओ करते आहे. समीक्षकांना वाटलं, हा काहीतरी नवा प्रयोग आहे. प्रयोग कसला, तिच्या तोंडात शब्द टिकेनासे झाले होते. जुनं कुठलंही गाणं पुढे ठेवलं की ती विचारायची, "याच्या पुढचं कडवं कुठाय?" आणि नाही म्हणून सांगितलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही.

मग तीनच कॉर्डवर बोंबलणारी पंकवाली पोरं आली, त्यांना आमच्या बासऱ्या आणि मेणबत्त्या बघून हसू यायचं. रेकॉर्ड कंपनीने फोन घेणं सोडलं. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात बँड मोडायचा की नाही यावर बैठक बसली. त्या टेबलावर इतक्या चटकन चार तळहात कधी आले नव्हते.

हेनिंग बापाच्या दुकानात गेला. मी एका संगीत शाळेत मुलांना बासरी शिकवली. जन्मभर तेच चार सूर, तीच थुंकी. फोल्कर्ट शाळेत इतिहास शिकवायचा, दुसरं काय शिकवणार! आल्मुट एका बालवाडीत लागली. तिथे मुलांना गाणी म्हणायची असली की ती टेपरेकॉर्डर लावायची. तिला एक मुलगी झाली, मारेन. मुलगी झोपत नसली की आल्मुट तिला गाडीत घालून गावाबाहेर फिरवून आणायची. मारेन मोठी झाल्यावर मला म्हणाली होती, "इंके मावशी, सगळे म्हणतात आई गायची. मी कधी ऐकलं नाही. मला तर खोटंच वाटतं."

नव्वदच्या दशकात कुणालातरी आमच्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा काढायची हुक्की आली. आम्ही चौघं एका हॉटेलात भेटलो, केस पिकलेले, चष्मे लागलेले. "विस्तव" घालायचं की नाही? फोल्कर्टचे हात टेबलाखालीच. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही. आल्मुटने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पर्स उचलली. सीडी निघाली, गाण्याशिवाय. एकाने लिहिलं, बँड बरा होता, पण लोकांना तो का आवडायचा ते यात कळत नाही.

गेल्या वर्षी आल्मुटला कर्करोग झाला. आधी पोटात, मग सगळीकडे. मारेनने तिला हॉस्पिसमध्ये ठेवलं, चांगली जागा होती, खिडकीतून बीच जातीची उंच झाडं दिसायची. मी दुपारी जाऊन बसायची. शेवटच्या आठवड्यात ती बोलायची थांबली. मॉर्फीनमुळे कधी इथे, कधी कुठे.

एके दुपारी मी तिच्या ओठांना ओला बोळा लावत होते आणि ती गायला लागली.

इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. बारीक झाला होता, पण तोच होता. नदी गोठली आहे, हंस उडून गेले आहेत. माझ्या हातातला बोळा खाली पडला. मी रडत होते, आणि मनात म्हणत होते, मारेन, ये गं लवकर, ये, ऐक. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा मोकळा झाला होता.

आणि ती थांबली नाही. आम्ही नेऊ विस्तव पार. सगळं. मशाली, नांगर, काळी माती. एक शब्द चुकला नाही. जन्मात एकदा ऐकलं होतं तिने ते, त्या सभागृहात. एकदाच. की मनातल्या मनात रोज म्हणत होती ते इतकी वर्षं? कोण सांगणार? ती हसत होती, आणि तिचा आवाज तिसऱ्यापेक्षा चौथ्यात जास्त सुंदर लागत होता. हे मी खरं तेच सांगते आहे.

दार उघडलं. दनूता आली, तिथली नर्स, पोलंडची, त्या पूर्वेकडचीच. हातात सूपचा वाडगा. आल्मुट तेव्हा धुराच्या ओळीपाशी पोचली होती.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. दाबून ठेवला.

"अहो, असं काय करता?" दनूता म्हणाली. "गाऊ द्या की तिला. किती गोड गाते!" तिला नुसती चाल ऐकू आली होती.

माझ्या तळहाताखाली आल्मुटचे ओठ हलत होते. मग हलायचे थांबले. मी हात काढला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते तिला कळलं, एवढं मला नक्की कळलं. त्यानंतर ती गायली नाही, बोलली नाही. दोन दिवसांनी पहाटे गेली.

दफनाच्या दिवशी मारेनने आम्हा तिघांना दफनभूमीजवळच्या कॉफीघरात वेळेआधी बोलावलं. समोर कॉफी आणि बटरचा केक, मयताला असतो तोच. हेनिंग आता काठी घेऊन चालतो. फोल्कर्टची मान हलते. त्याने गिटार आणली होती.

"आईची एकच इच्छा होती," मारेन म्हणाली. "आजारी पडली तेव्हाच सांगून ठेवली होती. विस्तव. तीन कडवी. तुम्ही तिघांनी म्हणायची. मी तर कधी ऐकलंही नाही ते नीट. तुम्ही म्हणाल ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि मी फोल्कर्टच्या हातांकडे पाहिलं.

त्याने उजवा हात उचलला. बशी बाजूला सारून तो टेबलावर ठेवला. "मी तिचं आयुष्य घालवलं," तो म्हणाला. "एका गाण्यापायी. ते तिचं होतं. ती म्हणत होती तेच बरोबर होतं, ते तीनच कडव्यांचं गाणं होतं. मला माफ करा." त्याचं नाक वाहत होतं आणि तो पुसतही नव्हता.

हेनिंगने आपला जाडजूड तळहात त्याच्या हाताशेजारी ठेवला. "चला," तो म्हणाला. "उशिरा का होईना. इंके?"

माझा हात मांडीवर होता. मी त्याला उठ म्हणाले. या हाताने मी तिच्या बाजूने मत दिलं होतं तेव्हा, फोल्कर्टला मनातून इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या. आता फोल्कर्ट रडत म्हणत होता की ते तीन कडव्यांचं गाणं होतं, आणि जगात मी एकटी होते जिला ठाऊक होतं की तसं नव्हतं. हे मारेनला सांगू? आईचं गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला बसलेल्या पोरीला? आणि न सांगता गाऊ? तिसरं कडवं संपवून तिच्या पेटीपाशी गप्प उभी राहू, आणि आतून ती पुढचं म्हणते आहे असं ऐकत राहू? माझ्या तळहाताला अजून तिचे ओठ लागत होते. तो टेबलावर ठेववेना.

"इंके मावशी?" मारेन म्हणाली.

मी मान हलवली. नाही.

"म्हणजे दोन विरुद्ध एक. मग झालंच ना?"

"नाही गं बाळ," फोल्कर्ट म्हणाला. "आमच्यात तसं नसतं."

"का पण?" हेनिंग ओरडला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. "का, इंके? तू? तू तर तिची मैत्रीण ना?"

"कारण विचारायचं नाही," मी म्हणाले.

तिला पुरलं. बरीच माणसं आली होती, लांब पांढऱ्या केसांची, काहींच्या काखेत आमची जुनी रेकॉर्ड होती. ती सगळी आमच्याकडे बघत होती, आता गातील, आता गातील. पाद्रीऐवजी बोलावलेल्या वक्त्याने जे सांगायचं ते सांगितलं. फोल्कर्ट गिटारची पेटी पायाशी ठेवून उभा होता. कुणीच काही म्हटलं नाही, मग एकेकाने फावड्याने माती टाकली. जाताना मारेन फाटकाशी उभी राहून सगळ्यांशी हात मिळवत होती. माझी पाळी आली तेव्हा तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

मरताना तिला गप्प केलं ते मी, आणि मातीत घालताना गप्प ठेवलं तेही मीच. यातलं अर्धं मारेनला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं सांगितलं तर ती मला कदाचित माफ करेल, पण मग तिच्याजवळ आई उरणार नाही. तेव्हा हे असंच चालायचं.